वागळे इस्टेटीच्या गाळ्यातून पाहिलेला महामार्ग

ठाण्यातील वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या एमआयडीसीच्या, इतिहासातील पहिली औद्योगिक वसाहत होय. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या या महामंडळाने पुढे राज्यभर ज्या पद्धतीने वसाहती आखल्या, तिचा पहिला आराखडा येथे दिसतो. पश्चिमेला येऊरचे डोंगर, दक्षिणेला मुलुंड चेकनाका आणि पूर्वेला तीन हात नाका अशा चौकटीत बसलेल्या या वसाहतीत रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक दिलेले आहेत, आणि आजही येथील माणूस पत्ता सांगताना 'रोड नंबर सोळा' किंवा 'रोड नंबर बावीसचे सर्कल' असेच सांगतो. रस्ता आधी आखायचा, त्याच्या कडेने भूखंड पाडायचे आणि मग कारखाने येऊ द्यायचे हा तो क्रम होता. वसाहतीच्या आतला रस्ता अशा रीतीने विचारपूर्वक आखला गेला, मात्र वसाहतीबाहेर पडल्यावर ज्या महामार्गावर तिचा माल जातो त्याचा विचार तितक्या एकसंधपणे कधीच झाला नाही.

प्रस्तुत लेखकाने या वसाहतीतील एका भाड्याच्या गाळ्यात तीस वर्षांहून अधिक काळ यंत्रभाग घडवण्याचे जॉबवर्क केले. जॉबवर्क म्हणजे ग्राहकाने दिलेल्या धातूवर ग्राहकाच्याच आराखड्यानुसार लेथ, मिलिंग किंवा ग्राइंडिंगचे काम करून तयार भाग त्याला परत पोचवणे. या व्यवसायात नफा मजुरीतून येतो आणि तोटा बहुतेक वेळा रस्त्यावर होतो, कारण कच्चा माल येतानाचा एक प्रवास आणि तयार माल जातानाचा दुसरा, असे दोन्ही प्रवास ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला व्हावे लागतात. लेखकाचे निम्मे ग्राहक नाशिकच्या सातपूर व अंबड वसाहतींत आणि उरलेले तळोज्याच्या बाजूला होते. त्यामुळे एका दिशेला माजिवडा, खारेगाव, वडपे हा मुंबई-आग्रा महामार्गाचा तुकडा आणि दुसऱ्या दिशेला मुंब्रा वळणरस्ता व शिळफाटा, या दोन मार्गांची प्रकृती हा त्याच्या हिशेबवहीचाच भाग झाला होता.

या दोन मार्गांचे परस्परांवरील अवलंबित्व २०१८ साली जितके उघड झाले तितके त्याआधी कधी झाले नव्हते. न्हावाशेवा बंदरातून भिवंडी व गुजरातकडे जाणारे कंटेनर मुंब्रा वळणरस्त्याने ठाणे शहराला टाळून जातात, आणि हाच रस्ता त्या वर्षी मे महिन्यात मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात येऊन सप्टेंबरमध्ये पुन्हा खुला झाला. मधल्या काळात, म्हणजे नेमक्या पावसाळ्यात, ही अवजड वाहतूक ऐरोलीमार्गे पूर्व द्रुतगती महामार्गावर वळवली गेली. कोपरी येथील रेल्वेवरचा पूल तेव्हा अरुंद होता, दोन्ही बाजूंना रुंद असलेला महामार्ग त्या पुलावर येताच आक्रसत असे, आणि पुलाच्या रुंदीकरणाचे कामही त्याच वर्षी सुरू झाले होते. शिवाय मेट्रो ४ च्या खांबांसाठी ठिकठिकाणी अडथळे उभे राहत होते. या तिन्ही कामांची गरज वादातीत होती, परंतु ती एकाच शहराच्या एकाच गळ्याशी एकाच वेळी आली. ठाणे शहरात अवजड वाहनांना दुपारी १२ ते ४ आणि रात्री उशिरापासून पहाटेपर्यंतच प्रवेश देण्याची जी पद्धत तेव्हा होती, तिच्यामुळे दुपारी चारच्या आत नाका ओलांडू न शकलेला ट्रक रात्रीपर्यंत उभा राही. नाशिकच्या ग्राहकाला सकाळी आठला हवा असलेला माल दुपारी पोचू लागला, तेव्हा लेखकाने कामाची पाळी उलटी करून ग्राइंडिंग रात्री आणि पॅकिंग पहाटे असा क्रम लावला. कामगारांच्या झोपेचे जे नुकसान त्या चार महिन्यांत झाले त्याची नोंद कोणत्याही प्रकल्पाच्या खर्चात झालेली नाही.

खड्डा का पडतो, हा प्रश्न येथे थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण पावसाला दोष देऊन तो मिटवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. डांबरी रस्ता हा थरांचा बनलेला असतो: तळाशी दाबलेला मुरूम, त्यावर खडीचे थर आणि सर्वांत वर डांबर-खडीच्या मिश्रणाचा पातळ थर, ज्याला ठेकेदारांच्या भाषेत कार्पेट म्हणतात. डांबर खडीला धरून ठेवते, पण खडी आणि डांबर यांच्या फटीत पाणी शिरले आणि त्यावरून चाके जात राहिली, की पाण्याचा दाब डांबराला खडीपासून सोडवतो. एकदा खडी सुटू लागली की एका रात्रीत थाळीएवढा खड्डा होतो. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि येऊरच्या उतारावरचे पाणी खाडीकडे जाताना वागळे इस्टेट व महामार्ग यांना ओलांडूनच जाते. यास्तव येथील रस्त्याचा खरा शत्रू पाऊस नसून पाण्याला वाट न देणारे तुंबलेले गटार आहे. ज्या ठिकाणी बाजूच्या गटाराची झाकणे रस्त्याच्या पातळीपेक्षा वर राहिली आहेत तेथे दर वर्षी त्याच जागी खड्डा पडताना लेखकाने पाहिला आहे. त्या जागी कार्पेट, पेव्हर ब्लॉक आणि पुन्हा मास्टिक, म्हणजे उष्ण डांबर व बारीक खडीचे जलरोधक मिश्रण, असे तीनही उपाय झाले, परंतु झाकण खाली घेण्याचा साधा उपाय अनेक वर्षे झाला नाही.

दुसरे कारण वजनाचे आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात झालेल्या रस्ता-चाचणीतून असा निष्कर्ष निघाला की वाहनाच्या आसावरचा भार वाढला तर रस्त्याची झीज त्या वाढीच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, आणि चौथा घात म्हणजे तीच संख्या चार वेळा मांडून केलेला गुणाकार. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते, असा याचा अर्थ. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची कमाल भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ कागदावर सुमारे १३ टक्के आहे, मात्र वरील नियमाने हिशेब केला तर पूर्ण भरलेल्या आसाकडून होणारी झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. वाहतूकदाराचा प्रतिटन खर्च कमी झाला हे खरे आणि लेखकाच्या गाळ्यालाही त्याचा थोडा लाभ मिळाला. तथापि जुन्या मर्यादेवर आखलेल्या रस्त्यांची दुरुस्ती वाढवण्यासाठी त्याबरोबरच पैसा वाढायला हवा होता, आणि ती दुसरी बाजू मागे राहिली.

२०१९ च्या पावसाळ्यात लेखकाच्या मालाचा एक टेम्पो महामार्गालगतच्या सेवारस्त्यावर पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात आदळला. चालकाच्या मनगटाला इजा झाली आणि ग्राइंडिंग पूर्ण झालेले ४२ शाफ्ट एकमेकांवर घासून ओरखडले. मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मोजमापात घडवलेल्या शाफ्टवर असा ओरखडा आला की तो भंगारात जातो. तक्रार घेऊन लेखक एका कार्यालयात गेला तेव्हा मुख्य रस्ता आमचा, सेवारस्ता आमचा नव्हे, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या कार्यालयाने सेवारस्ता आपला असल्याचे मान्य केले, परंतु तो तुकडा सध्या एका बांधकामासाठी दुसऱ्यांच्या ताब्यात दिल्याचे सांगितले. तिसऱ्या ठिकाणी अर्ज स्वीकारून पोच दिली गेली, आणि ती पोच अजून लेखकाजवळ आहे. यात कोणी उर्मटपणे बोलले असे नाही. प्रत्येकाजवळ आपापल्या हद्दीचा नकाशा होता आणि तो बरोबरही होता. अडचण हीच होती की खड्डा कोणाच्याच नकाशावर नव्हता. ठाण्यातील रस्ते महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण अशा अनेक संस्थांत वाटलेले आहेत, आणि दहा मिनिटांच्या प्रवासात वाहनचालक यांपैकी तीन-चार हद्दी ओलांडतो, हे त्याला स्वतःला कळतही नाही.

पैशाचा प्रश्न या वाटणीशी जोडलेला आहे. रस्त्यासाठी स्वतंत्र निधी असावा ही कल्पना भारतात रुजवण्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते, ही गोष्ट फारशी आठवली जात नाही. मुंबईचे कायदेपंडित आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारी वाढल्यामुळे रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, म्हणून मोटार वापरणाऱ्यांकडूनच पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावा, असे त्या समितीचे म्हणणे होते. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. या निधीचे वैशिष्ट्य असे की तो आर्थिक वर्ष संपले म्हणून बुडत नसे. शिल्लक पुढच्या वर्षी वापरता येई. जयकरांनी ओळखलेली ही गरज किती खरी होती हे मार्च महिन्यात ठाण्यात फिरताना समजते. वर्षभर थांबलेली कामे निधी परत जाईल या धास्तीने शेवटच्या काही आठवड्यांत एकदम सुरू होतात, चांगला पृष्ठभाग उखडला जातो, आणि मग जूनमध्ये त्याच रस्त्याची परीक्षा पावसाकडून होते.

या निधीला २००० सालच्या कायद्याने नवे स्वरूप मिळाले आणि २०१८ मध्ये त्याचे नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी असे झाले. त्या वर्षी पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे आठ रुपयांचा उपकर ठेवण्यात आला; उपकर म्हणजे ठरावीक कामासाठीच घेतला जाणारा जादा कर. मात्र निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आल्याबरोबर रस्त्याखेरीज इतर कामांनाही त्यातून वाट मिळाली. इतर कामे अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. तरीही टेम्पोत डिझेल भरताना जो पैसा दिला जातो, तो त्या टेम्पोखालच्या रस्त्यावर खर्च व्हावा, हे जयकर समितीचे मूळ तत्त्व त्यामुळे पातळ झाले, असेच म्हणावे लागते.

टोलची कथा याहून जवळची आहे. मुंबईतील ५५ उड्डाणपुलांच्या खर्चाच्या वसुलीसाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर नाके उभारले गेले आणि २०१० मध्ये २,१०० कोटी रुपये एकरकमी घेऊन वसुलीचे हक्क १६ वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला देण्यात आले. ठाणेकरांना मुलुंडला जायचे तरी नाका ओलांडावा लागे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना या पाचही नाक्यांवर माफी मिळाली, ही रोजच्या प्रवाशांसाठी मोठी सुटका होती. अवजड वाहनांचा टोल मात्र चालू राहिला, म्हणजे मालावरचा भार तसाच राहिला. एकरकमी विक्रीच्या या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे: पैसा आज हाती येतो आणि खर्चही होतो, तर देखभालीची गरज पुढची सोळा वर्षे दर पावसाळ्यात नव्याने निर्माण होत राहते.

नव्या बांधकामांना सध्या पैशाची चणचण दिसत नाही. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याच्या प्रकल्पाची किंमत २०२४ मध्ये सुमारे १६,६०० कोटी रुपये सांगितली गेली, छेडा नगर ते आनंद नगर या उन्नत मार्गाची किंमत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे ३,३१० कोटी रुपये सांगितली गेली, आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला होऊन भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत पोचला. नागपूरहून भरधाव आलेले वाहन आमण्याहून पुढे मात्र वडपे-माजिवडा या जुन्या मार्गाच्या गर्दीतच येऊन मिळते. कोपरीचा पूल २०२३ मध्ये पूर्ण रुंद झाला तेव्हा लेखकाच्या ग्राहकांना सकाळचा माल पुन्हा वेळेवर मिळू लागला, हेही नोंदवले पाहिजे. पूर्ण झालेल्या कामाचा लाभ खरा असतो आणि तो मान्य करण्यात संकोच नको. परंतु उद्घाटन नव्या पुलाचे होते, स्वच्छ केलेल्या गटाराचे होत नाही, आणि अंदाजपत्रकातला पैसाही याच क्रमाने वाटला जातो.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. या आदेशाने खड्ड्याला किंमत मिळाली. तो अमलात येण्यासाठी पहिली गरज आहे ती खड्डा कोणाचा हे रस्त्यावरच ठरण्याची. महामार्गाच्या आणि सेवारस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर मालक संस्थेचे नाव, ठेकेदाराचे नाव आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, संपण्याची तारीख लिहिलेला फलक असावा, अशी मागणी वागळे इस्टेटीतील प्रत्येक गाळेधारकाने आपल्या उद्योजक संघटनेमार्फत लेखी करावी. लेखकाने ती केली आहे, आणि २०१९ च्या पोचपावतीची प्रत तिला जोडली आहे.