बागलाणच्या वाटेवर गारपीट

नाशिकहून मांगीतुंगीला जायचे तर आग्रा महामार्गाने सोग्रस फाट्यापर्यंत यावे, तेथून वळून भावडबारीचा घाट ओलांडावा आणि देवळा, सटाणा, ताहाराबाद ही गावे मागे टाकीत सेलबारीच्या डोंगररांगेशी पोहोचावे. सुमारे सव्वाशे किलोमीटरची ही वाट. मोटारीच्या काचेआडून ती नुसता रस्ता भासते. दुचाकीस्वाराला मात्र तिचे ऊन, वारा आणि प्रसंगी तिचा कोपही अंगावर घ्यावा लागतो.

बागलाणातला चैत्र मोठा फसवा. दुपारपर्यंत आभाळ निरभ्र असते. जमीन तापते, तापलेली दमट हवा वेगाने वर चढते, उंचावर तिच्यातील थेंब गोठतात आणि त्या प्रवाहात हेलकावे खाताना त्यांवर बर्फाची पुटे चढत जातात. वर चढणाऱ्या वाऱ्याला तो भार पेलेनासा झाला की गारा कोसळतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यभर केलेला विध्वंस शेतकरी अजून विसरलेले नाहीत. उन्हाळ कांदा काढणीला येतो तोही याच सुमारास.

महावीर जयंतीनंतरच्या एका रविवारी नाशिकच्या किराणा व्यापारी घराण्यातील काका-पुतणे मोटारसायकलने क्षेत्राच्या दर्शनास निघाले. काकांना रात्रिभोजनाचा त्याग, तोही सूर्यास्ताच्या दोन घटिका आधीपासूनचा. पाचपर्यंत धर्मशाळा गाठावी, जेवण उरकावे आणि पहाटे डोंगर चढावा, असा बेत होता. सटाणा सोडले तेव्हा घड्याळात चार वाजले होते. साल्हेर-मुल्हेरच्या दिशेने आभाळ काळवंडले आणि धुळीचा लोट उठला. समोरच्या वाऱ्याने गाडी एका बाजूला ओढली जाऊ लागली. पुतण्याने चिंचेच्या झाडाखाली थांबण्याचे सुचविले. काकांनी नकार दिला. वावटळीत फांदी मोडते आणि विजेला उंच झाड आधी सापडते, हे त्यांना ठाऊक होते.

जवळच रस्त्याला लागून एक पक्के घर होते. अंगणाशेजारी काढलेल्या कांद्याचा ढीग उघड्यावर पडला होता आणि शेतकरी दांपत्य ताडपत्रीशी झुंजत होते. ओल्या मातीत स्टँड रुतेल म्हणून पुतण्याने त्याखाली चपटा दगड सरकवला, आणि दोघेही न विचारताच ताडपत्रीची टोके धरायला धावले. काकांच्या घरात कांदा शिजत नाही. त्या दिवशी मात्र तोच कांदा वाचविण्यासाठी ते कडेला दगड रचीत होते. एक बाजू झाकायची राहिलीच. तेवढ्यात गारांचा मारा सुरू झाला.

"शेठ, राहू द्या आता, आत या!" शेतकरी ओरडला.

ओसरीवर उभे राहून चौघे पाहत होते. पत्र्यावरच्या आवाजात बोलणे अशक्य होते. जोर ओसरताच घरातली मुले धावत जाऊन गारा वेचून तोंडात टाकू लागली. बावीस अभक्ष्यांच्या यादीत गार आहे, रात्रिभोजन आहे आणि जमिनीखालचा कंदही आहे. शास्त्रातली ती यादी एका अंगणात अशी एकत्र क्वचितच भेटत असेल.

पाऊस थांबायला सव्वासहा वाजले. घरधनीणीने तेवढ्यात बाजरीच्या भाकरी आणि मुगाची डाळ केली होती. "कांदा-लसूण काही घातलं नाही हो," असे तिने आपणहून सांगितले. काकांची वेळ टळून गेली होती. त्यांनी हात जोडून नियम सांगितला. दिवसभराच्या कष्टाचे नुकसान डोळ्यांसमोर पसरलेले असताना त्या माउलीने चूल पेटविली होती. तिला नकार देणे उपवासाहून जड गेले असावे. पुतण्याला मात्र त्यांनी पाटावर बसविले. तो पोटभर जेवला. परतताना येथेच जेवू, असा शब्द देऊन दोघे ताहाराबादमार्गे अंधारात क्षेत्री पोहोचले.

पहाट स्वच्छ होती. जिथून राम, हनुमान, सुग्रीव आदी नव्याण्णव कोटी मुनी सिद्धपदास गेल्याचे मानतात, त्या डोंगराच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या अजून ओल्या होत्या. मांगीवर जगाकडे पाठ करून बसलेले मुनी बलभद्र, पुढे तुंगी, आणि 2016 साली प्रतिष्ठा झालेली भगवान ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती, असे दर्शन झाले. वरून खालची शिवारे धुतल्यासारखी दिसत होती. काकांची नजर वारंवार सटाण्याच्या रस्त्याकडे वळत होती.

दुपारी अकराच्या सुमारास ते शब्द दिल्याप्रमाणे त्या घरी आले. अंगणात कांदा पसरून वाळत टाकला होता आणि शेतकरी मार लागलेला माल वेगळा काढीत होता. असा कांदा चाळीत टिकत नाही. तो लगेच विकावा लागतो आणि तालुक्यातील सर्वांचाच माल एकाच वेळी आल्याने भाव पडतो. जन्म दुकानात काढलेल्या काकांना हे गणित कोणी समजावण्याची गरज नव्हती. जेवताना त्यांनी विचारले, "सटाण्याला नेणार की नामपूरला?"

"जिथली गाडी आधी मिळेल तिथं," शेतकरी म्हणाला, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.