मोठ्यानं वाचताना

कादंबरी बरी की वाईट, हे मी हल्ली डोळ्यांवर सोडत नाही. अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागल्यापासून तो निकाल जीभ आणि दम देतात. डोळा लबाड. कंटाळवाणा परिच्छेद आला की तो चार ओळी खाली उडी मारतो आणि वर पुस्तक वाचलं म्हणून मिरवतो. जिभेला ती सवलत नाही. लेखकानं घातलेलं प्रत्येक विशेषण तिला उच्चारावंच लागतं.

तयारी म्हणाल तर किरकोळ. पंखा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, कुकर आधीच उतरवलेला. ‘प’ आणि ‘फ’ माइकवर फटाक्यासारखे फुटतात, म्हणून माइक तोंडासमोर न धरता जरा कडेला. पुस्तक आधी एकदा मनात वाचायचं आणि श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीनं बारीक उभी रेघ मारायची. उजवं पान संपतं तिथं पुढच्या पानावरचे पहिले तीन-चार शब्द समासात लिहून ठेवायचे. म्हणजे वाक्य मध्येच न तोडता, आवाज न करता पान उलटता येतं. रेघा कुठं दाट पडतात आणि कुठं विरळ, यावरून लेखकाची अर्धी ओळख पटते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त मला जवळजवळ रेघाच माराव्या लागल्या नाहीत. वाक्य संपतं तिथंच श्वास संपतो.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. नफ्यासाठी नसेल तर अंध वाचकांकरता अशी प्रत करायला आता हक्कधारकाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे श्रोते मागतील ते वाचायचं, माझ्या आवडीनिवडीला कोणी विचारत नाही. बरंच झालं. एरवी मी बाबूराव अर्नाळकर कशाला हातात घेतले असते? हजारावर रहस्यकथा लिहिलेला हा माणूस आमच्या घरात ‘टाइमपास’ या एका शब्दात निकालात निघाला होता. मोठ्यानं वाचताना कळलं, झुंजार आणि काळापहाड यांच्या गोष्टींत फुकटचं वाक्य सापडणं कठीण. दार उघडतं, माणूस आत येतो, पिस्तूल दिसतं. घसा दुखत नाही.

रहस्यकथेची खरी पंचाईत वेगळीच. मनातल्या वाचनात खुनी कोण ते मला कळलेलं असतं, आणि माइकसमोर ते विसरायचं असतं. खुनी पात्र पहिल्यांदा चहा मागतं तेव्हा तो चहा बाकीच्यांच्या चहासारखाच मागायला हवा. आवाज किंचित जड झाला की चाणाक्ष श्रोता तिसऱ्या प्रकरणात खटला निकाली काढतो. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची एक कादंबरी आहे, नाव सांगणं म्हणजे न वाचलेल्यांवर अन्याय. त्यात शेवटी जे उघड होतं, ते माहीत असताना पहिलं पान निष्पाप आवाजात वाचायला भल्याभल्या नटाची कसोटी लागेल.

भयकथेचा धडा मला एका श्रोत्यांनी दिला. नारायण धारपांची कादंबरी वाचताना मी आवाज खोल नेला होता, मध्ये मध्ये थरथरवलाही होता. त्यांचा फोन आला, ‘‘ताई, भीती तुम्ही नका दाखवू, ते धारपांवर सोडा.’’ मग म्हणाले, ‘‘आणि काळोखाचं मला काही वाटत नाही हो, मी जन्मापासून त्यातच आहे. पण त्या घरात कोणीतरी असूनही आवाज येत नाही म्हणता ना, तिथं मी हेडफोन काढून ठेवला.’’ त्यानंतर मी भयकथा किराणा मालाच्या यादीसारखी वाचते. लोक जास्त घाबरतात.

मानाच्या पुस्तकांचं मात्र कधीकधी अवघड होतं. खांडेकरांच्या ‘ययाति’बद्दल बोलायला मला अजून धीर गोळा करावा लागतो, १९५९ची कादंबरी, पुढे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली कहाणी सांगतात. छापील पानावर वर नाव असतं, त्यामुळे डोळ्याला शंका येत नाही. कानाला येते. तिघंही एकाच सुविचारी मराठीत बोलतात, तिघांच्याही दुःखाला उपमांची तीच झालर. राजा थांबला आणि राणी सुरू झाली हे आवाज बदलून दाखवायचा मोह झाला, पण तो टाळला. लेखकानं जे केलं नाही ते वाचणाऱ्यानं का करावं? याउलट हरिभाऊ आपट्यांची यमू. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, पेन्सिलीच्या रेघा भरपूर. तरीही पहिल्या काही पानांतच समोर एक मुलगी बसून बोलायला लागते. पुरुषानं लिहिलेली ही बाई माझ्या तोंडात कुठंही अडखळली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

नेमाड्यांची ‘कोसला’ अवघड म्हणून मी पुढं ढकलत होते. प्रत्यक्षात ती बोलत बोलतच वाचून झाली. पांडुरंग सांगवीकर टिवल्याबावल्या करत, वगैरे वगैरे म्हणत पुढं पळतो आणि आपण त्याच्या मागं. फक्त त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं आली तेव्हा रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. नेमाडे तिथं रडत नाहीत. वाचणारीनं रडणं म्हणजे आगाऊपणा. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोरड्या घशानं, ती पानं केली.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’साठी मला मदत लागली. मी सातारची, कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी मला कुठून येणार? आमच्या खालच्या मजल्यावर मूळच्या अकोल्याच्या बाई राहतात. त्यांच्यासमोर संवाद वाचले. ‘‘शब्द बरोबर आहेत तुमचे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण कौतिक घाटावरून आल्यासारखी वाटते.’’ मग त्या बोलायच्या आणि मी नुसती ऐकायची. नवरा महारोगानं खंगतोय, हाती पैसा नाही आणि कौतिक हटत नाही, हे वाचताना ठेका चुकला तर ती बाई बिचारी होऊन बसते. तिला बिचारी करणं हा पुस्तकाचा अपमान.

सध्या भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’ चालू आहे. १९६५ साली ते आलं तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर तोफ डागली होती. मुंबईतल्या नाक्यावरच्या पोरांची भाषा, त्यातल्या शिव्यांसकट. काहीही गाळायचं नाही हा आमचा नियम, म्हणून खिडक्या लावून, दुपारी, सोसायटी झोपलेली असताना वाचते. सासूबाई आतल्या खोलीत असतात. त्यांना ऐकू कमी येतं असा माझा समज होता. परवा पाणी प्यायला उठले तर त्या दारात उभ्या. जन्म गिरगावातला, चाळीतला. म्हणाल्या, ‘‘ती शेवटची शिवी अशी नाही गं देत. जोर पहिल्या अक्षरावर हवा.’’ आणि देऊन दाखवली.