आवडती बोट कंपनी

माणसाला आवडता आंबा असतो, आवडता गवई असतो, आवडता न्हावी तर असावाच लागतो. पण माणसाला आवडती बोट कंपनीही असू शकते, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. आणि कळलं ते कुठं, तर गणेशपुरीत! आमच्या गावाला समुद्र नाही. पाणी म्हणाल तर तानसा नदीचं, ज्यात बोट घालायचा विचार आजवर कुणाच्या मनात आलेला नाही. नाहीतर गरम कुंडांतलं, ज्यात आधी पायाचं बोट घालून बघावं लागतं.

त्याचं असं झालं. आमची लेक सिडनीला असते. तिथं जाऊन तिला चौदा वर्षं झाली आणि आता ती कागदोपत्री ऑस्ट्रेलियन आहे. एका रविवारी तिचा फोन आला. "बाबा, तुम्ही दोघं मार्चमध्ये येताय ना, तर आपण आठवडाभर क्रूझ करू. तुम्हाला कुठली लाइन आवडते?"

मी एकतीस वर्षं विरार-चर्चगेट केलेला माणूस. माझ्या आयुष्यात लाइनी दोनच. वेस्टर्न आणि सेंट्रल. तिसरी रेशनची, पण ती आवडण्यातली नव्हे.

मग लेकीनं समजावलं. ऑस्ट्रेलियात म्हणे हा फार जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्याकडे जशी देशस्थ की कोकणस्थ अशी हळूच चौकशी होते, तशी तिथं चार माणसं जमली की 'तुम्ही कुठल्या लाइनचे?' हे निघतंच. कुणी रॉयल कॅरिबियनचा, कुणी प्रिन्सेसचा, कुणी कार्निव्हलचा, कुणी सेलिब्रिटीचा. आणि एकदा एका कंपनीचा झाला की माणूस सहसा हलत नाही, कारण कंपन्यांनी निष्ठेच्या पायऱ्या बांधून ठेवल्यात. रॉयल कॅरिबियनमध्ये आधी गोल्ड, मग प्लॅटिनम, मग एमराल्ड, मग डायमंड. "माझी ऑफिसातली मैत्रीण डायमंड आहे," लेक म्हणाली. आमच्या हिला इतकंच ऐकू आलं. "हिरा का? कुठली गं, सातारकडची?"

यातली खरी गंमत पुढंच आहे. निष्ठा एवढ्या कडव्या, पण मालक पाहायला गेलं तर मोजून दोन-तीन. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड ही सगळी कार्निव्हलच्या कुटुंबातली मंडळी. सेलिब्रिटी ही रॉयल कॅरिबियनची धाकटी पाती. म्हणजे घर एक, चुली वेगळ्या, आणि शेजारीपाजारी मात्र थोरलीच्या हातची आमटी बरी की धाकटीच्या, यावर भांडताहेत. बरं, फरक अगदीच नाहीत असंही नाही. एका बोटीवर ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो, दुसरीवर अमेरिकन. एकीवर पोरांसाठी घसरगुंड्या, दुसरीवर जेवायला कोट घालावा लागतो. बोट फार उंच असेल तर ती सिडनीच्या प्रसिद्ध पुलाखालून जाऊच शकत नाही, म्हणून ती अलीकडं, ऑपेरा हाऊससमोरच्या धक्क्याला लागते. बुटकी असेल तर पुलापलीकडच्या व्हाइट बेला. म्हणजे बोट जितकी थोर, तितका तुम्हाला देखावा चांगला. हे मात्र माणसांसारखंच झालं.

लेकीनं चार कंपन्यांची माहितीपत्रकं पाठवली आणि "आठवड्यात सांगा" म्हणाली. आता गणेशपुरीत कुठलाही निर्णय घ्यायचा तर तो कुंडावर घेतला जातो. सेवानिवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी म्हणून आम्ही इथं येऊन राहिलो, आणि रोज पहाटे गळ्याइतक्या ऊन पाण्यात बसणाऱ्या चार-पाच म्हाताऱ्यांच्या मंडळात मला प्रवेश मिळाला. गंधकाच्या वासात माणूस खोटं बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. फक्त थोडं लांबण लावतो. शिवाय परदेशाचं या गावाला अप्रूप नाही. आश्रमांमुळे सत्तर सालापासून देशोदेशीचे लोक इथं येताहेत. मेलबर्न आणि सिडनी यांतला फरक आमच्या चहावाल्याला माझ्या आधी माहीत होता.

मी विषय काढला मात्र, अण्णांनी पाण्यातून हात वर केला. अण्णा मूळ मालवणचे, वय चौऱ्याऐंशी. "बॉम्बे स्टीम," ते म्हणाले. "दुसरं नाव काढायचं नाही."

बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी इतिहासजमा होऊन कैक वर्षं लोटली, हे अण्णांना मान्य नाही असं नाही. पण ती तिची चूक नव्हे असं त्यांचं म्हणणं. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ते त्या बोटीतून मुंबईला आले. मालवणला बोट खोल पाण्यात उभी राहायची. माणसं, वळकट्या, फणस आणि रडणारी पोरं होडीतून तिच्याजवळ न्यायची आणि वर ओढून घ्यायची. मग देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै करत रात्रभर प्रवास. ज्याला बोट लागायची तो लिंबू हुंगत पडायचा. न लागणारा त्याच्या वाटची भाकरी खायचा. पुढं चौगुल्यांच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आल्या, 'रोहिणी' होती. अण्णांनी त्यांतूनही प्रवास केले, पण परक्यासारखे. पुढं त्याही बंद झाल्या आणि १९९८ साली कोकण रेल्वे सगळी सुरू झाल्यावर कोकणी माणसाला आपण कधी बोटीनं जात होतो, हे नातवंडांना पटवून द्यावं लागायला लागलं.

"त्या बोटीत पोहण्याचा तलाव होता का?" मी विचारलं.

"खाली सगळा समुद्रच होता की," अण्णा म्हणाले.

मंडळातले दुसरे सभासद मास्तर. इतिहास शिकवून निवृत्त झालेले. म्हणजे शिकवण्यातून नव्हे, फक्त शाळेतून. ते म्हणाले, "कुठलीही घ्या, पण पी अँड ओ घेऊ नका. माझी हात जोडून विनंती आहे."

कारण विचारल्यावर त्यांनी आम्हाला १९०६ सालात नेलं. त्या वर्षी तुतिकोरिनला चिदंबरम पिल्ले यांनी कोलंबोला जाणारी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. त्या मार्गावर मक्तेदारी होती ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनची. तिनं आधी भाडं पाडलं. स्वदेशीवाल्यांनीही पाडलं. शेवटी इंग्रज कंपनीनं सांगितलं, फुकट या, आणि वर एक छत्री घेऊन जा! माणसाची देशभक्ती किती वेळ टिकते हे पाहायचं असेल तर त्याला फुकट छत्री दाखवावी. दोनच वर्षांत पिल्ले तुरुंगात गेले आणि काही काळानं ती कंपनी मोडली. "आणि ही ब्रिटिश इंडिया १९१४ साली कुणात विलीन झाली? पी अँड ओमध्ये!" मास्तरांचा आवाज कुंडाच्या भिंतींवर आपटून परत आला. आपल्याकडेही कोकणातल्या लोकांनी भाग जमवून स्वदेशी कंपनी काढली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत; १९१९ साली सिंदियाची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, तो ५ एप्रिल आपण अजून सागरी दिन म्हणून पाळतो. हे सगळं ऐकेपर्यंत आमची बोटं पाण्यात सुरकुतली.

संध्याकाळी मी हे लेकीला कळवलं. ती म्हणाली, "बाबा, पी अँड ओ इथं बंद झाली. मार्च २०२५ मध्ये." १९३२ साली 'स्ट्रॅथेअर्ड' बोट सिडनीहून सहलीला निघाली, तेव्हापासून ऑस्ट्रेलियन माणसाच्या तीन-चार पिढ्या जिच्यावर वाढल्या, ते नावच तिथून गेलं. दोन बोटी कार्निव्हलनं नवी नावं ठेवून आपल्यात घेतल्या, लग्नानंतर सुनांची ठेवत तशी. दुसऱ्या दिवशी मी ही बातमी कुंडावर सांगितली. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. जुना वैरी वारल्यावर माणसाला जसं एकाकी वाटतं, तसं त्यांना वाटत असावं.

तिसऱ्या सभासदांनी अलीकडंच कॉर्डेलियाच्या बोटीनं मुंबई-गोवा केलं होतं. ते खूश होते. बोट १९९० सालची, आधी रॉयल कॅरिबियनकडं होती, आणि जेवणात ढोकळा मिळाला, एवढं ते तीन दिवस सांगत होते.

या सगळ्या गदारोळात एक व्यक्ती गप्प होती, आणि ती म्हणजे आमची ही. तिला कुठलीच कंपनी आवडत नव्हती. त्याला कारण आहे.

हिचे आईकडचे आजोबा लालबागला गिरणीत होते. गाव रेवसजवळ. १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, ते गावी निघायचे होते. त्या सकाळी चाळीतल्या नळाला पाणी उशिरा आलं. बिनआंघोळीचं निघायचं नाही हा त्यांचा नेम. आंघोळ करून ते भाऊच्या धक्क्यावर पोचले तेव्हा 'रामदास' बोट सुटून गेली होती. धक्क्यावर बसून त्यांनी नळाला खूप शिव्या दिल्या म्हणे. मुंबईत बातमी पोचायला संध्याकाळ झाली. सहाशेहून अधिक माणसं गेली होती. आजोबांच्या गावातलीही होती.

हिची आई तेव्हा तीन वर्षांची होती. त्या दिवसापासून त्या घराण्यात दोन नियम झाले. एक, बोटीत पाय ठेवायचा नाही. रेवसला लाँचनं जाता येत असताना ही मंडळी पनवेल-पेणवरून एसटीनं धक्के खात जात. शाळेची घारापुरीची सहल निघाली तेव्हा ही घरी राहिली. २०२० पासून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, गाडीसकट नेते; तरी परवा अलिबागच्या लग्नाला आम्ही पेणवरूनच गेलो आणि अक्षता पडल्यावर पोचलो.

कारण दुसरा नियम असा की, उशीर हा शुभ असतो. हा कुणी सांगितला नाही, पण सगळे पाळतात. बेचाळीस वर्षांत या बाईबरोबर मला एकही एसटी पहिल्या फेरीला मिळालेली नाही.

तेव्हा मी लेकीला हळूच सांगितलं, की क्रूझचं राहू दे, आम्ही आपले घरी बसू. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही दोन महिने आलात. मी तुमच्याशी किती बोलले सांगा."

मी आठवू लागलो. ती सकाळी सातला जायची, संध्याकाळी सातला यायची, आणि जेवताना फोन वाजायचा. आम्ही दोघं दिवसभर मागच्या अंगणातलं कुंपण बघायचो. कुंपण चांगलं होतं.

"म्हणून क्रूझ," ती म्हणाली. "बोटीवर इंटरनेटचे पैसे वेगळे पडतात. ते मी घेणार नाहीये. ऑफिसात सांगणार, परवडत नाही. खरं विचाराल तर ज्या कंपनीचं इंटरनेट सगळ्यात महाग, ती माझी आवडती."

फोन स्पीकरवर होता. ही भाजी निवडत होती. तिनं परात बाजूला ठेवली आणि फोन हातात घेतला.

"माणसं किती असतात गं बोटीवर?"

"मोठीवर चार हजार असतील, आई."

"आणि जीव वाचवायच्या होड्या?"

मग पाऊण तास मायलेकी बोलल्या. खाणं, तलाव, नाच, खोलीला गॅलरी, यातलं हिनं काही विचारलं नाही. तिनं विचारलं ते असं, की आमचं नाव कुठल्या यादीत असेल, जॅकेट कुठं असतं, नातवाच्या मापाचं मिळतं का, बिघाड झाला तर किनाऱ्यावर कळतं कसं. लेकीनं सगळं सांगितलं. 'टायटॅनिक'नंतर १९१४ साली देशादेशांत करार झाला. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कंकॉर्डिया' कलंडल्यावर तो आणखी कडक झाला. आता प्रत्येक प्रवाशाला बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत करावीच लागते, कुठं जमायचं ते दाखवतात, सुटका नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं. माहितीपत्रकांत घसरगुंडीचा फोटो होता.

"दोन वेळा करता येते का ती कवायत?" हिनं विचारलं.

कंपनी ठरली. कुठली, ते सांगत नाही. अण्णा आणि मास्तर दोघांनाही आवडलेली नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पुन्हा-पुन्हा आत येता येईल असा घ्यावा लागतो, कारण बोट नुमेआला गेली की आपण देशाबाहेर जातो आणि परतताना नव्यानं आत शिरतो. लेकीला हे बघावं लागत नाही, आम्हाला लागतं. तोही अर्ज झाला.

काल रात्री ही लेकीला विचारत होती, "बोट चारला सुटते ना? मग आपण बाराला धक्क्यावर जाऊन बसायचं. आंघोळी आदल्या रात्रीच."