वास गेला, पण तेल?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ‘डिझेलमिश्रित सांडपाणी ओझोनने शुद्ध करणे’ हा विषय मिळाला, तेव्हा ओझोन म्हणजे आकाशातला थर एवढंच मला ठाऊक होतं. इथे तो टेबलावर, ऑक्सिजनमध्ये विजेचा झोत सोडून बनत होता. साठवता येत नाही. लागेल तेवढा जागेवरच करायचा.

पहिलं पाणी आणलं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीतलं, इंजिनाखाली साचणारं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “अगं, हे बाजूला ठेव.” समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. ओझोनने त्याचं ब्रोमेट होतं, आणि पिण्याच्या पाण्यात ब्रोमेट चालतं लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम. म्हणजे तेल काढता काढता नवं विष! मी चक्रावून गेले.

मग गॅरेजमधलं, गाड्या धुतलेलं पाणी आणलं. तवंग आधी काढला, त्यावर ओझोन का घालवायचा? खाली उरलं ते साबणामुळे ताकासारखं पांढुरकं. तुरटीने निवळलं, तरी डिझेलचा वास तसाच.

खरा गोंधळ पुढे. ओझोन दुहेरी बंध झटकन तोडतो, अनेक अरोमॅटिक वलयंही फोडतो. डिझेलमधल्या संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंधांच्या, साखळ्यांपुढे मात्र फार संथ पडतो. बाहेर पडणारा ओझोन आम्ही पोटॅशियम आयोडाइडच्या बाटलीतून सोडला होता. बिनरंगी द्रावण बघता बघता पिवळं, मग तपकिरी झालं, म्हणजे ओझोन काम न करताच निघून चालला होता. सांडपाण्यात मँगनीज डायऑक्साइडचे काळे दाणे घातल्यावर पिवळेपणा चढायला वेळ लागू लागला. दाण्यांवर ओझोन तुटून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात, आणि ते संपृक्त साखळ्यांनाही सोडत नाहीत. मुंबईतल्या माटुंग्याचे संशोधक पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ साली अशा ऑक्सिडीकरणाच्या पद्धतींचा सविस्तर आढावा घेतला होता. तो वाचल्यावर कुठे मला धागा सापडला.

वास गेला, पण सीओडी, म्हणजे पाण्यातली रासायनिक ऑक्सिजन मागणी, अपेक्षेएवढी उतरली नाही. मोठे रेणू तुटून ऑक्झॅलिकसारखी छोटी आम्लं उरतात, आणि ओझोन त्यांना सहसा हात लावत नाही. नाकावर भरवसा ठेवता येत नाही तो असा.

सध्या हे पाणी कोळशाच्या गाळणीतून सोडून पुन्हा तपासतोय. जांभ्यात पाऊस मुरून जातो आणि मेमध्ये रत्नागिरीत टँकर फिरतात. अशा गावात गोडं पाणी चाकांवर ओतलं जातं, हे मला बघवत नाही. निदान चाकं धुण्यापुरतं हे पाणी परत वापरता यावं, एवढ्यासाठी मी जूनपर्यंत प्रयोगशाळेतच आहे.