चिंतामणीच्या कळंबला

मैत्रिणींनो, मराठवाड्यातही एक कळंब आहे. पण मी सांगते आहे ते यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणी गणपतीचं कळंब. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की एसटीनं लवकरच गाव येतं. वर्ध्याकडून येणाऱ्यांसाठी तर फेब्रुवारी २०२४ मध्ये रेल्वेही सुरू झाली.

एरवी देवळात आपण पायऱ्या चढून जातो, इथे उतरून जायचं. गणपती जमिनीच्या पातळीखाली, दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. जवळच कुंड. गौतमऋषींचा शाप लागलेल्या इंद्रानं इथे कदंबाखाली तप केलं आणि अंकुशाच्या घावानं गंगा वर आली, अशी कथा सांगतात.

कुंडातलं पाणी एखाद्या वर्षी अचानक चढू लागतं, गाभाऱ्यात शिरतं आणि देवाच्या पायांना लागलं की ओसरतं, असं गावकरी सांगतात. गंगा दर बारा वर्षांनी येते म्हणतात खरं, पण सांगितली जाणारी वर्षंच मांडून पाहा ना: १९३३, १९४८, १९५८, १९७०, १९८३, १९९५. कधी पंधरा वर्षं, कधी दहा, कधी तेरा. म्हणजे येण्याचा भरवसा आहे, तारखेचा नाही!

आपल्या संसाराचं तरी दुसरं काय असतं? मुलाला नोकरी केव्हा लागेल, मुलीचं कुठे जमेल, सासूबाईंचं दुखणं केव्हा उतरेल, काही सांगता येत नाही. आणि इथल्या शेतकरणीचं तर सगळंच आभाळावर. मृगाचा पाऊस झाला की कपाशी लावायची. पावसानं दडी मारली की बियाणं वाया आणि दुबार पेरणी डोक्यावर. तरी दर वर्षी ओटीत बी घेऊन ती तासात उतरतेच.

हा भरवसा काही स्वस्त नाही, बरं का. २००६ साली केंद्र सरकारनं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. यवतमाळ त्यातलाच. गेलेल्या माणसांच्या घरीही देव्हारा होता. त्यांची श्रद्धा कमी पडली असं कोणी म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. कर्ज डोक्यावर असताना नुसतं ‘देवावर सोड’ म्हणून भागत नाही.

मग भरवसा ठेवायचा म्हणजे करायचं काय? इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा देव वेगळा, येशू ख्रिस्त. पण प्रश्न हाच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. इतक्या तोंडांना घास कुठून आणायचा, हे आधी ठरलेलं नव्हतं. पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. बाई प्रार्थना करीत, आणि विहिरीही खणून घेत! मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवीत. देवावर हवाला ठेवला म्हणून हात थांबले नाहीत.

तेव्हा चिंतामणीला जाल तेव्हा नारळाबरोबर चिंताही घेऊन जा, पण नीट निवडून. पाऊस, नशीब, दुसऱ्याचं मन, हे आपल्या हाताबाहेरचं. ते खुशाल त्याच्या पायाशी ठेवा. घरखर्चाची वही, कर्जाचा आकडा, डॉक्टरकडे न्यायचा आजार, हे परत घरी आणा आणि यजमानांशी बसून मोकळेपणी बोला. त्यांच्या मनात काय कोंडलंय तेही विचारा. कोणी अगदीच गप्प गप्प राहू लागलं, तर एकटं सोडू नका.

संकष्टीला गर्दी फार असते. लेकरं घेऊन जायचं तर साधा वार बरा. पायऱ्या जपून उतरा, आणि उतरल्यावर दोन मिनिटं काही न मागता बसा.