दाब कुठून येतो

घरगुती एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? '15 बार'. कुठे कुठे तर 20. शेजारचं खोकं 20चं दिसलं की गिऱ्हाइकाचा हात तिकडे वळतो आणि विक्रेताही त्याला अडवत नाही. कॅफेंमधली मशीन उघडून दुरुस्त करण्यावर माझं पोट चालतं. त्यामुळे ओळखीपाळखीतलं कुणी घरासाठी मशीन घ्यायला निघालं की "दादा, जरा येता का बरोबर?" असा फोन येतोच. मी जातो, आणि दुकानात शिरल्यावर आधी तो आकडा विसरायला सांगतो.

एस्प्रेसोला लागतो साधारण 9 बार दाब. हाही काही थोडाथोडका नव्हे. 90 मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी जेवढा रेटा देईल तेवढा. खोक्यावरचे 15 बार ही आतल्या छोट्याशा पंपाची कमाल ताकद. पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही तर तो पंप दाब तिथवर नेऊ शकतो, इतकंच. बऱ्या मशीनमध्ये स्प्रिंगची एक झडप असते, ती जास्तीचं पाणी गुपचूप टाकीत परत सोडते. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण दोन-तीन हजार जास्त मोजतो, तो कपापर्यंत पोचतच नाही.

मग दाब येतो कुठून? पंप पाणी ढकलतो, पण समोर अडवणारं काही नसेल तर पाणी नुसतं वाहून जाईल आणि दाबमापकाचा काटा जागचा हलणार नाही. पाणी अडवते ती कॉफी. पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे मशीनला अडकवायच्या मुठीच्या चाळणीत, ठासून बसवलेली 18 ग्रॅम पूड पाण्याला सहजासहजी वाट देत नाही, म्हणून दाब चढतो. पूड जाडसर असेल तर पाणी दहा-बारा सेकंदांत पार होतं आणि कपात आंबट, पाणचट काहीतरी उतरतं. फार बारीक असेल तर कण्हत कण्हत थेंब पडतात आणि जीभ कडूजार होते. दोन्ही वेळा मशीन तेच, पंप तोच, बियाही त्याच. फरक फक्त दळणाचा. म्हणून कुणी मला विचारलं, "पन्नास हजार आहेत, कुठलं मशीन घेऊ?", तर मी उलट विचारतो, "त्यातले ग्राइंडरला किती ठेवलेत?" उत्तर बहुधा येतं, "ग्राइंडर नंतर बघू." तिथेच आमचं वाजतं.

दाबाचं हे कोडं ज्यांच्या शहरात सुटलं, त्या मिलानच्या लोकांनाही ते एका दमात सुटलेलं नाही. लुइजी बेझेरानं 1901 मध्ये पेटंट घेतलं आणि ते वापरून 1905च्या सुमारास ला पावोनी कंपनीची मशीन बाजारात आली. त्यांत दाब होता वाफेचा, जेमतेम दीड बार. कॉफी झटपट व्हायची खरी, पण वाफेच्या आचेनं करपट लागायची. मिलानमध्येच कॉफी-बार चालवणाऱ्या आकिले गाज्जियानं वाफेला फाटा देणारं पेटंट 1938 मध्ये घेतलं. युद्ध संपल्यावर, 1947 मध्ये, त्यानं स्प्रिंग आणि दट्ट्याचं तरफवालं मशीन आणलं. तरफ खाली ओढली की स्प्रिंग दबायची, आणि सुटताना गरम पाणी आठ-नऊ बारनं पुडीतून रेटायची. कॉफीवरचा तो सोनेरी-तपकिरी फेस, क्रेमा, या मशीनमधून निघाला. सुरुवातीला लोकांना तो संशयास्पद वाटला होता म्हणे. मग 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 मशीननं माणसाच्या दंडाचं काम विजेच्या पंपाला दिलं. त्या साली युरोपातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून एक्लिप्सचा, म्हणजे ग्रहणाचा 'ई'. तिची ती जाडजूड पितळी मुंडी आजही महागड्या घरगुती मशीनवर दिमाखात बसलेली दिसते. ती नीट तापायला अर्धा तास घेते. सकाळी सव्वासातला घर सोडणाऱ्यांनी तिच्या रूपावर भाळू नये.

घरच्या गिऱ्हाइकाकडे धड ग्राइंडर नसणार, हे मशीन बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून स्वस्त मशीनसोबत दुहेरी तळाचं बास्केट, म्हणजे पूड भरायची चाळणी, येतं. आतल्या तळाला नेहमीसारखी भोकं, बाहेरच्या तळाला मात्र टाचणीएवढं एकच. पाणी अडवायचं काम पुडीऐवजी ते भोक करतं, त्यामुळे कुठलीही पूड घाला, वर फेस येतो. फेस कसला, बहुतेक हवा. तरीही मी या बास्केटला नावं ठेवणार नाही. ज्याला दूध-साखरेचीच कॉफी हवी आहे आणि रोज दळायचा कंटाळा आहे, त्यानं वीस हजारांच्या आतलं असं मशीन घ्यावं, आयती पूड आणावी आणि सुखी राहावं. ग्राइंडरचा खर्च त्याच्यासाठी नाही. दुहेरी तळाचं बास्केट काढून एकेरी लावायची इच्छा ज्याला होते, त्याच्यासाठी पुढचं सगळं.

"मिक्सरमध्ये दळली तर?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मिक्सरचं पातं दळत नाही, कापतं. अर्धी पूड मैद्यासारखी, अर्ध्यात कण्या. पाणी कण्यांच्या फटींतून निसटतं आणि मैद्यात तुंबतं, म्हणजे एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही. ग्राइंडर हे खरं तर जातं आहे. दात पाडलेल्या दोन पोलादी चकत्या, एक स्थिर, एक फिरती, आणि दोघींमधली फट ठरवणार पूड किती बारीक ते. गिरणीत भाजणी नेऊन "जरा रवाळ ठेवा हो" असं सांगणाऱ्या बाईंना मी हे समजावायला गेलो तर त्यांनीच मला चार गोष्टी सांगितल्या. फरक इतकाच, की इथे फट केसभर हलली तरी कॉफी चार-पाच सेकंदांनी पुढे-मागे उतरते. म्हणून फट अगदी बारीक बारीक टप्प्यांनी, किंवा टप्पेच न ठेवता सलग हलवता येईल असाच ग्राइंडर घ्यावा. विजेचा परवडत नसेल तर हाताचा घ्या. दहा हजारांच्या आसपास एस्प्रेसोजोगे हातग्राइंडर मिळतात. त्यात मोटरचे पैसे नसल्यामुळे सगळा पैसा चकत्यांत गेलेला असतो. त्याच किमतीचा विजेचा ग्राइंडर त्यापुढे फिका पडतो. एका वेळेला चार पाहुण्यांसाठी दळाल तेव्हा मात्र दंड भरून येतील.

मशीन घरी आलं की पहिली अडचण स्वयंपाकघरातल्या भिंतीची. अशी मशीन बहुतेक 1300 ते 1500 वॉटची असतात. ओट्यावरचं मिक्सरचं 6 अँपिअरचं सॉकेट 230 व्होल्टला 1380 वॉटपर्यंतच, म्हणजे काठावर किंवा काठाबाहेर. 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट हवाच. युरोपातून आलेल्या मशीनला दोन गोल पिनांचा प्लग असतो, त्याचं अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांतून होतं. आपल्याकडच्या साध्या कन्व्हर्टरला त्या पट्ट्या शिवतही नाहीत. म्हणजे पाणी, वाफ आणि वीज एकत्र नांदणाऱ्या त्या धातूच्या पेटीला अर्थिंगच नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्लग कापून तीन पिनांचा 16 अँपिअरचा बसवून घ्या. एवढं माझं ऐकाच.

आणि अमेरिकेहून भाच्यानं मोठ्या प्रेमानं बॅगेत घालून आणलेलं मशीन असेल, तर ते ओट्यावर ठेवण्याआधी मागची पट्टी वाचा. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज निम्मं होईल, पण हर्ट्झ 50च राहतील. आतला कंपनानं चालणारा पंप विजेच्या त्याच ठेक्यावर धडधडतो, त्यामुळे तो इथे मंद चालतो. शिवाय एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर मशीनइतकाच जड. पुण्यात अशी दोन-तीन मशीन शोकेसमध्ये शोभेला ठेवलेली मी पाहिली आहेत. भाच्याला फोन करा आणि सांगा, पुढच्या खेपेला हातग्राइंडर आण. तो कुठेही चालतो.

पाण्याबद्दल लोक बेफिकीर असतात आणि माझा धंदा मुख्यतः त्यावरच चालतो. पुण्यात नळाला येणारं खडकवासला धरणाचं पाणी तसं मऊ. पण उपनगरांत टँकर आणि बोअरवेलचं पाणी येतं, त्यातले क्षार बॉयलरच्या आत पांढरे थर धरतात. झडपा चिकटतात, पाण्याच्या नळ्या बारीक होत जातात. यावर लोक आरओचं पाणी घालतात. तेही फार निखळ असेल तर कॉफी बेचव लागते, आणि काही मशीनमधला पातळी मोजणारा सेन्सर पाणी आहे हेच ओळखत नाही, कारण क्षारांशिवाय पाण्यातून वीज नीट वाहत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 150च्या आसपास ठेवावा असं कॉफीवाले सांगतात. आरओचं आणि पालिकेचं पाणी मिसळून तिथवर पोचता येतं. टीडीएस मोजायचं पेनासारखं उपकरण दोन-तीनशे रुपयांत मिळतं. तेवढे खर्चा.

आता प्रत्यक्ष काम. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. 18 ग्रॅम पूड, कपात 36 ग्रॅम कॉफी, पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंद. सुरुवात इथून करायची, मग जिभेला विचारायचं. नवशिके चुकतात ते एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यामुळे: पूड वाढवली, दळण बारीक केलं, दाबून बसवताना जास्त जोर लावला आणि तापमानही चढवलं. कॉफी सुधारली तरी कशानं ते कळत नाही. पुडीचं वजन बांधून टाका आणि फक्त दळण हलवत राहा. पूड दाबताना जोर किती यापेक्षा पृष्ठभाग सपाट आहे ना, हे महत्त्वाचं. दाबण्याआधी बारीक तारेनं पुडीतल्या गुठळ्या मोडल्या, तर पाणी एका बाजूनं भगदाड पाडून निसटत नाही. हल्ली त्या तारांची देखणी, लाकडी मुठीची हत्यारं विकायला येतात. बुचात टोचलेल्या चार सुयाही तेच काम करतात.

बिया घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. ती नसेल तर पाकीट ठेवून द्या. अगदी कालच भाजलेल्याही नकोत. भाजल्यावर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, तो आठवडाभर निघू द्यावा. पाकीट जुनं होत जाईल तसं दळण थोडं थोडं बारीक करावं लागतं. आपल्याकडे चिकमगळूर आणि कुर्गच्या बिया दारात येऊन पडतात, याचं आपल्याला फारसं काही वाटत नाही. इटली मात्र भारतीय कॉफीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबरचे ओले वारे खाऊन फुगलेली मॉन्सून्ड मलबार आणि आपला धुतलेला रोबस्टा तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत आवर्जून पडतात. रोबस्टा म्हणजे हलका माल, असं सांगणाऱ्या तज्ज्ञाला एकदा थोडा रोबस्टा घातलेल्या मिश्रणाचा क्रेमा दाखवा.

दुधाबद्दल घरात वाद ठरलेला. "न तापवता? कच्चं दूध?" असं सासूबाई विचारणारच. पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं आणि वाफेची नळी ते 60-65 अंशांपर्यंत तापवतेच. ते फ्रिजमधून थेट गार घ्यावं. तीनदा तापवलेल्या, सायीचे तुकडे तरंगणाऱ्या दुधाचा मऊ फेस होत नाही. 3 टक्के स्निग्धांशाचं टोन्ड दूध नवशिक्याच्या हाताला लवकर वळतं. 6 टक्क्यांचं फुल क्रीम चवीला भारी, पण फेसाला हट्टी. एकच बॉयलर असलेल्या मशीनमध्ये कॉफी आणि वाफ यांची तापमानं वेगळी, म्हणून मध्ये थांबावं लागतं. रोज चार कॅपुचिनो लागत असतील तर दोन बॉयलरच्या मशीनचा विचार करा, नाहीतर नको.

आमच्या पिढीनं एस्प्रेसो पहिल्यांदा प्यायली ती लग्नाच्या रिसेप्शनला. मोठा चकचकीत बॉयलर, वाफेचा फुस्स आवाज, दूध-साखरेत इन्स्टंट कॉफी आणि वर चॉकलेट पावडरीची चिमूट. तिच्यात 9 बार सोडा, कॉफीतून दाबानं पाणी जाण्याचाच संबंध नव्हता. ती वाईट होती असं म्हणायची माझी तयारी मात्र नाही. एका घरी मशीन लावून दिल्यावर तिथल्या आजींनी पहिला कप हातात घेतला आणि विचारलं, "जायफळ कुठे घालायचं?" त्यांचा नातू हसला. मी किसणी मागवली आणि दुधाच्या फेसावर जायफळ किसून दिलं. दुधाच्या गरम फेसावर जायफळ झकास लागतं. नुसत्या एस्प्रेसोत मात्र घालू नये.

शेवटी दुकानातून निघण्याआधीचं एक काम. पोर्टाफिल्टर जिथे अडकतो तिथे आत रबरी गॅस्केट असतं. उष्णतेनं ते दीड-दोन वर्षांत कडक होतं आणि कडेनं पाणी गळू लागतं. ते बदलायला काहीशे रुपये पुरतात, पण त्या मापाचं मिळायला हवं. पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा, "याचं गॅस्केट तुमच्याकडे आत्ता आहे का?" असेल तर दोन विकत घ्या आणि मशीनही घ्या. 'मागवून देऊ' असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.