लाइफटाइम, पण कुणाचा?

ऑटोमॅटिक गाडी घ्यायची, हे बाबांच्या डाव्या गुडघ्याने ठरवलं. क्लच दाबणं जमेना आणि गाडी चालवणं सोडायची त्यांची तयारी नव्हती. बजेट बेताचं, म्हणून लाखभर किलोमीटर पळालेली एक जर्मन सेडान सेकंडहँड घेतली. सहा महिन्यांत पार्किंगमध्ये तेलाचे थेंब दिसू लागले.

तेल गिअरबॉक्सचं होतं. गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणारा पॅन असतो. आमच्या गाडीत तो प्लास्टिकचा, आणि फिल्टर त्यातच बसवलेला. फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन बदला. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन प्लास्टिकच्या कडा वाकतात, गॅस्केट नीट दाबलं जात नाही आणि तेल झिरपायला लागतं.

तेल कधी बदलायचं असतं, असं सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. "सर, हे लाइफटाइम ऑइल आहे."

कुणाचा लाइफटाइम? गाडीचा, गिअरबॉक्सचा, की वॉरंटीचा? माझ्या धंद्यात याबाबतीत जरा प्रामाणिकपणा आहे. पायथन 2 बंद होणार हे आधीच जाहीर होतं. 2015 ची मुदत वाढवून 1 जानेवारी 2020 केली, तीही सांगून. तेल मात्र गुपचूप म्हातारं होतं.

आमच्या मिस्त्रींनी मेटल पॅनचं किट सुचवलं. बाबा लगेच खूश. त्यांच्या पिढीचा स्टीलच्या डब्यावर जितका विश्वास, तितका बँकेवरही नाही. मी मात्र दोन रात्री वाचत बसलो. गिअरबॉक्स गेला, तर तो बदलण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते.

वाचून कळलं ते असं. नुसतं मेटल असून भागत नाही. पंप फिल्टरमधूनच तेल ओढतो. फिल्टरच्या नळीवरचं रबरी सील नीट बसलं नाही, तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि आतले क्लच घसरून जळतात. पॅन जास्त खोल आणि फिल्टर तोच जुन्या मापाचा असेल, तर फिल्टरचं तोंड तळापासून वर राहतं. घाटात तेल एका बाजूला सरकलं की ते उघडं पडू शकतं. बोल्ट जोर लावून आवळले, तर अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे जातात.

गंमत म्हणजे किटमधल्या वेगळ्या फिल्टरचं कवच प्लास्टिकचंच निघालं. ते चालतं. ते तेलात बुडालेलं असतं, बोल्टचा ताण त्याच्यावर येत नाही. ताण असतो तो पॅनच्या कडेवर. मेटल हवं ते तिथे. पण मला पटली ती वेगळीच गोष्ट: या पॅनला तेल काढायचा बोल्ट आहे आणि फिल्टर एकटा बदलता येतो.

जुना पॅन उतरवला. चुंबकांवर काजळासारखा राखाडी थर होता. मिस्त्रींनी तो बोटांत चोळून पाहिला. बारीक लगदा म्हणजे नेहमीची झीज. लोखंडाचे कण किंवा तुकडे असते, तर पॅन कुठलाही लावून उपयोग नव्हता. मी तोवर श्वास धरून उभा होतो.

गिअरबॉक्स वाचला. बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान बघत लेव्हल केली.

बॉनेटच्या आतल्या बाजूला बाबांनी मार्करने लिहिलं: 1,08,000. त्याखाली पुढचा आकडा: 1,68,000.